ऑफर लेटरनंतरचे सहा महिने

भारतातील १५ ते २९ वयोगटातली जवळजवळ एकतृतीयांश मुलेमुली शिकत नाहीत, कमावत नाहीत आणि कसले प्रशिक्षणही घेत नाहीत. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या सहभागाने २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारत रोजगार अहवालातला हा २०२२ सालचा निष्कर्ष. या आकड्याच्या पोटात आणखी एक आकडा आहे, तो अधिक अस्वस्थ करणारा आहे. तरुणांमध्ये हे प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास आहे, तर तरुणींमध्ये सुमारे ४८ टक्के. बेकार तरुणाई म्हटले की नाक्यावर मोबाइल घेऊन उभा असलेला मुलगा आपल्या डोळ्यांपुढे येतो. प्रत्यक्षात या गर्दीत फार मोठा भाग आहे तो पाणी भरणाऱ्या, धाकट्या भावंडांना सांभाळणाऱ्या, दिवसभर राबूनही कुठल्याच हजेरीपटावर नाव नसलेल्या मुलींचा. त्या नाक्यावर नसतात, म्हणून मोजणीतही सहजी सापडत नाहीत आणि योजनेतही.

शाळा आणि कामधंदा या दोन्हींशी नाळ तुटलेल्या या मुलांपर्यंत सरकारी योजना क्वचितच पोचते. आपल्याच राज्याचे उदाहरण घ्या. २०२४ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी उत्तीर्णांना दरमहा ६ हजार, आयटीआय वा पदविकाधारकांना ८ हजार आणि पदवीधरांना १० हजार रुपये विद्यावेतन ठरले. योजनेचा उंबरठाच बारावीचा. आठवीत शाळा सुटलेली ऊसतोड कामगाराची मुलगी, दहावीत गणितात नापास होऊन घरी बसलेला नंदुरबारचा मुलगा त्या उंबरठ्याबाहेरच राहतो. तिथे काम करायला उरतात त्या स्वयंसेवी संस्था, आणि त्या चालतात अनुदानावर. कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. २०२२-२३ मध्ये ही रक्कम तीस हजार कोटींच्या घरात होती आणि राज्यांमध्ये सर्वाधिक वाटा महाराष्ट्राच्या पदरात पडला. थोडक्यात, पैशांचा पूर्ण दुष्काळ आहे असे म्हणता येत नाही. माझे म्हणणे वेगळे आहे. या कामातला सर्वांत खर्चिक आणि सर्वांत निर्णायक भाग म्हणजे मुलगी शोधणे, घरच्यांना राजी करणे आणि नोकरी लागल्यावर पहिले सहा महिने तिच्या पाठीशी उभे राहणे. नेमका याच भागाला देणगीदार ‘प्रशासकीय खर्च’ म्हणतात आणि त्याला कात्री लावतात.

अनुदानाचा प्रस्ताव कसा लिहिला जातो ते पाहिले की हे उमगते. त्यात प्रति प्रशिक्षणार्थी खर्च असतो, बॅचची संख्या असते, किती जणांना नोकरी लावणार याची टक्केवारी असते आणि ३१ मार्च ही तारीख असते. संस्थेने बारा महिन्यांत उद्दिष्ट गाठायचे असेल तर ती कोणाला प्रवेश देईल? जो आपणहून चौकशीला आला, ज्याची कागदपत्रे तयार आहेत, ज्याला घरून आडकाठी नाही, त्याला. त्याला नोकरी लागते, अहवालात फोटो छापला जातो, आणि हा मुलगा चार महिन्यांनी स्वतःच्या बळावरही कुठेतरी चिकटला असता हे कोणी विचारत नाही. यात संस्थेच्या नियतीचा दोष नाही. अमेरिकेत १९८२ च्या रोजगार प्रशिक्षण कायद्याने केंद्रांच्या कामगिरीला असेच मापदंड लावले, तेव्हा सोपे उमेदवार वेचून घेण्याचा मोह तिथल्या अर्थतज्ज्ञांच्या अभ्यासाचा विषयच होऊन बसला. जे मोजले जाते आणि ज्याचे पैसे मिळतात, तेच होते.

कठीण उमेदवाराचे कठीणपण कशात असते, याचा एक चांगला पुरावा दिल्लीतून मिळतो. पुष्कर मैत्र आणि शुभा मणी या अर्थतज्ज्ञांनी तिथल्या गरीब वस्त्यांतील स्त्रियांसाठीच्या सहा महिन्यांच्या शिवणकाम वर्गाचा प्रयोगात्मक अभ्यास केला. प्रशिक्षण मिळालेल्या स्त्रियांना काम मिळण्याची शक्यता वाढली आणि त्यांची कमाईही वाढली. म्हणजे वर्ग उपयोगी होता. तरीही अनेकजणी तो पूर्ण करू शकल्या नाहीत, आणि आड आलेल्या गोष्टी होत्या हातात पैसा नसणे, मूल सांभाळायला कोणी नसणे आणि वर्गाचे घरापासूनचे अंतर. शिलाई मशीन उत्तम होते की बरे होते, यावर काहीच अडले नव्हते. आता अनुदानाच्या अंदाजपत्रकात पाहा: मशीनला रकाना असतो, कारण त्यावर देणगीदाराच्या नावाची पट्टी लावता येते. पाळणाघराच्या ताईचे मानधन मात्र ‘इतर’मध्ये जाते आणि वाटाघाटीत पहिल्यांदा तेच गळते.

नोकरी लागल्यानंतरचा काळ तर हिशेबातच नसतो. मराठवाड्यातल्या एखाद्या गावातून चाकणच्या कारखान्यात ठेकेदारामार्फत लागलेल्या मुलाचा पहिला महिना डोळ्यांसमोर आणा. तो समजा पाच तारखेला कामावर रुजू झाला. पगार पुढच्या महिन्याच्या सात किंवा दहा तारखेला होणार. तोवर कॉट बेसिसच्या खोलीचे डिपॉझिट आणि भाडे, खानावळीचे आगाऊ पैसे, सेफ्टी शूज, रोजचे जाणे-येणे हे सगळे त्याने कोठून आणायचे? आधार कार्डावरचे नाव शाळा सोडल्याच्या दाखल्याशी जुळत नसेल तर पीएफ अडकते, बँक खाते निष्क्रिय असेल तर पगारही. रात्रपाळी सुरू होते, गावाकडे आजारपण निघते आणि मुलगा न सांगता परत जातो. ‘या मुलांना कामच नको असते’ हा शेरा इथे जन्म घेतो. बिहार आणि झारखंडमध्ये दीनदयाल उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजनेच्या प्रशिक्षणार्थींवर झालेल्या संशोधनात, नोकरी कुठे असेल, हातात किती पडेल, राहायची सोय कशी असेल हे ज्यांना आधी खरेखुरे सांगितले गेले, ते मिळालेल्या नोकरीत अधिक टिकले. एवढी माहिती द्यायलाही जाणता माणूस लागतो, आणि त्या माणसाला पगार लागतो.

‘प्रशासकीय खर्चावर कायद्यानेच पाच टक्क्यांची मर्यादा घातली आहे, आम्ही काय करणार?’ असे कंपन्यांचे अधिकारी सांगतात. नियम नीट वाचला तर ही सबब टिकत नाही. २०२१ च्या सुधारित नियमांतली पाच टक्क्यांची मर्यादा कंपनीने आपले सामाजिक दायित्वाचे काम चालवण्यासाठी केलेल्या सर्वसाधारण प्रशासनखर्चावर आहे. प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख आणि मूल्यमापन यांवर थेट झालेला खर्च तिच्यातून स्पष्टपणे वगळला आहे. वस्तीत फिरणारी कार्यकर्ती म्हणजे अंमलबजावणीच. ब्रिजस्पॅन या सल्लागार संस्थेने देशातील ४० नामवंत संस्थांचे हिशेब तपासले, तेव्हा अप्रत्यक्ष खर्च ५ ते ५१ टक्क्यांपर्यंत पसरलेला दिसला आणि निम्म्या संस्थांचा तो १९ टक्क्यांच्या वर होता. सगळ्यांना एकच पाच-दहा टक्क्यांची फूटपट्टी लावली की संस्था तोटा सोसतात, अनुभवी माणसे सोडून जातात, आणि दर एप्रिलमध्ये नव्या कार्यकर्तीला वस्तीची ओळख पहिल्यापासून करून घ्यावी लागते. परदेशी देणग्यांच्या बाबतीत तर २०२० च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आणली आणि एका संस्थेने दुसरीला निधी देण्यावर बंदी घातली. शहरातल्या मोठ्या संस्थेकडून गडचिरोली वा धाराशिवमधल्या छोट्या संस्थेकडे पैसा जाण्याची ती वाट बंद झाली. हा निर्णय मला या क्षेत्रावरचा मोठा आघात वाटतो.

यावर देणगीदार म्हणतील की मोजमाप सोडून दिले तर पैसा कुठे मुरला ते कळणार नाही. हा आक्षेप मोलाचा आहे, आणि मोजमाप सोडा असे माझे म्हणणे नाहीच. उशिरा मोजा आणि उमेदवार किती मागून आला ते अंतर धरून मोजा. नेपाळमध्ये २००८ पासून चाललेल्या एम्प्लॉयमेंट फंडाने नेमके हे केले. प्रशिक्षण संस्थेला पैसे हप्त्यांनी मिळत, शेवटचा हप्ता प्रशिक्षणार्थी सहा महिन्यांनी कमावतो आहे याची पडताळणी झाल्यावर, आणि अधिक वंचित गटातल्या उमेदवारासाठी संस्थेला मोबदला जास्त. जागतिक बँकेच्या मूल्यमापनात बिगरशेती रोजगार आणि कमाई दोन्ही वाढलेली आढळली, स्त्रियांच्या बाबतीत तर अधिकच. भारतातही २०२१ मध्ये सुरू झालेल्या स्किल इम्पॅक्ट बाँडने ५० हजार तरुणांचे, त्यांत ६० टक्के मुलींचे लक्ष्य ठेवून नोकरीत तीन महिने टिकण्याशी पैसा जोडला. हे पाऊल योग्य दिशेचे आहे. पण पहिली दिवाळी, पहिले आजारपण आणि घरातून येणारा लग्नाचा पहिला तगादा तीन महिन्यांत संपत नाही.

दुसरा आक्षेप असा की एवढा खर्च केला तर त्याच पैशात मुले कमी होतील. होतील, आणि होऊ द्यावीत. अमेरिकेतील इयर अप या संस्थेचा कार्यक्रम दर तरुणामागे सुमारे २८ हजार डॉलर खर्चाचा होता. त्यात सहा महिने प्रशिक्षण, सहा महिने कंपनीत उमेदवारी, विद्यावेतन आणि मार्गदर्शक हे सारे आले. चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या दोन गटांची तुलना करणाऱ्या सरकारी मूल्यमापनात त्याचा कमाईवरचा परिणाम मोठा निघाला आणि तो वर्षानुवर्षे टिकला. डॉलरचा आकडा आपल्याला लागू नाही, पण त्यामागचे तर्कशास्त्र लागू आहे. शंभर जणांना स्वस्तात शिकवून त्यातले साठ जण तसेही मार्गाला लागणार असतील, तर खर्चाचा भागाकार शंभराने करणे हीच चूक आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत अवघड आहे: नोकऱ्याच नसतील तर संस्था करणार काय? फ्रान्समध्ये एस्थर डफ्लो आणि सहकाऱ्यांनी सुशिक्षित बेरोजगार तरुणांना नोकरी शोधायला मदत करणाऱ्या योजनेची पाहणी केली, तेव्हा मदत मिळालेल्यांचा फायदा अल्पकाळ टिकला आणि काही अंशी तो मदत न मिळालेल्यांच्या हिश्शातून आला. जिथे रोजगाराची टंचाई होती तिथे जास्तच. म्हणून अनुदानाने बेकारी हटेल असा दावा कोणी करू नये. कारखाने, सिंचन, शहरनियोजन ही सरकारची कामे आहेत आणि ती त्यालाच करावी लागतील. मात्र रांगेत जागा कमी असतात तेव्हा दर वेळी त्याच मुली शेवटी उभ्या राहाव्यात का, हा न्यायाचा प्रश्न आहे आणि तो वाढीच्या दराची वाट पाहत थांबत नाही.

बदलासाठी नवा कायदाही नको. कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाच्या चालू नियमांनुसार ‘सुरू असलेला प्रकल्प’ आरंभाचे आर्थिक वर्ष सोडून आणखी तीन वर्षे चालू शकतो, तरी बहुतेक करार वर्षाचेच होतात. पुढच्या एप्रिलमध्ये करार लिहिताना कंपनीच्या समितीने एवढे करावे: मुदत तीन वर्षांची ठेवावी, निम्म्या जागा दहावीच्या आत शाळा सुटलेल्यांसाठी आणि त्यांतल्या बहुसंख्य मुलींसाठी राखाव्यात, पहिल्या पगारापर्यंतच्या भाड्या-खानावळीसाठी आणि पाळणाघरासाठी वेगळा रकाना घालावा, आणि नोकरी लागल्याच्या बाराव्या महिन्यात ती मुलगी कुठे आहे हे विचारायला जाणाऱ्या कार्यकर्तीचा पगार अंमलबजावणीच्या खर्चात लिहावा.