वाजंत्र्याची प्रार्थना

मिरवणुकीला बँड लावावा की नाही, हा प्रश्न आमच्या सांगोल्यातील लहानशा ख्रिस्ती समाजात तसा किरकोळ वाटावा. पण पवित्र मरियेच्या सणाआधी तो माझ्यापुढे आला, तेव्हा त्याचे उत्तर मला चटकन देता आले नाही. तरुणांनी वर्गणी जमवली होती, बँडही ठरवला होता. त्या बँडात आमच्याच समाजातील एक वयस्क गृहस्थ क्लॅरिनेट वाजवतात. ते संध्याकाळी एकटेच माझ्याकडे आले आणि म्हणाले, "फादर, हे वाद्य वरातीतलं आहे. प्यालेल्या माणसांपुढं मी ते तीस वर्षं फुंकलं. ते देवापुढं चालंल का?"

मी त्यांना नियम सांगितला. पोप दहावे पायस यांनी 22 नोव्हेंबर 1903 रोजी काढलेल्या आदेशात देवळात बँड वाजवण्यास सक्त मनाई केली होती. गृहस्थ मान खाली घालून निघून गेले. माझे उत्तर चूक नव्हते, परंतु ते अपुरे होते, हे मला रात्री अंथरुणावर पडल्यावर उमगले. त्याच आदेशात पुढे असेही म्हटले आहे की, देवळाबाहेरच्या मिरवणुकीत बिशपांच्या परवानगीने बँड चालेल. मात्र लौकिक गाणी वाजवू नयेत आणि शक्यतो बँडने गाणाऱ्यांच्या भक्तिगीताला साथ द्यावी. पुढे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 च्या उपासनाविषयक संविधानात ऑर्गनचा मान राखून, उपासनेला साजेशा इतर वाद्यांनाही दार उघडले. म्हणजे ख्रिस्तसभेने विचारलेला प्रश्न वाद्य काल कोठे वाजले हा नाही. ते आज कशासाठी वाजणार, हा आहे.

वाद्याला विटाळ नसतो. स्तोत्र 150 मध्ये कर्णा, वीणा, डफ, झांजा अशी सारी वाद्ये स्तवनासाठी बोलावली आहेत. ती आदल्या दिवशी कोणाच्या लग्नात वाजली होती, याची चौकशी स्तोत्रकर्त्याने केलेली नाही. शिवाय हा व्यवहार एकेरी नाही. गोव्यात पोर्तुगीज अमदानीत धर्मग्रामांच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवीत. त्या परंपरेतील वादक पुढे मुंबईच्या चित्रपटसृष्टीत गेले आणि मोठमोठ्या वाद्यवृंदांसाठी संगीतरचना लिहू लागले. देवळातील विद्या अशी बाजारात गेली. बाजारातील वादक देवळाच्या अंगणात आला, तर आपण नाक का मुरडावे?

तरीही एक अडचण उरतेच, आणि ती खरी आहे. बँडला शब्द नसतात. संत पौल करिंथकरांस लिहितो की, बासरीच्या वा वीणेच्या स्वरांत भेद नसेल, तर काय वाजते ते कोणाला कळणार? तो आत्म्याने गाऊ इच्छितो आणि बुद्धीनेही. संत अगस्तीनलाही हेच भय होते. गायिलेल्या अर्थापेक्षा गाण्यानेच आपण अधिक हेलावलो, तर ते आपले पाप आहे, असे त्याने आपल्या कबुलीग्रंथात मान्य केले आहे. मग शब्दच नसलेल्या भजनाचे काय?

दिल्लीतील बीटिंग रिट्रीट सोहळ्यात लष्करी बँड अनेक दशके 'अबाइड विथ मी' वाजवीत असे. 2022 साली ते गीत वगळण्यात आले. हेन्री लाइट यांनी 1847 साली मृत्यूच्या छायेत लिहिलेली ती प्रार्थना. ज्यांना शब्द ठाऊक होते, ते मनातल्या मनात गात असत. ज्यांना ठाऊक नव्हते, त्यांना मावळतीची शांतता तेवढी मिळत असे. वाद्य शब्द पेरू शकत नाही. पेरलेला शब्द उगवू शकते. म्हणून जे भजन लोकांना तोंडपाठ आहे, तेच बँडला द्यावे.

दुसऱ्या दिवशी मी त्या गृहस्थांच्या घरी गेलो आणि त्यांची क्षमा मागितली. मग हार्मोनियम घेऊन आम्ही दोघे बसलो. क्लॅरिनेट व ट्रंपेटसाठी चाल एक पूर्ण स्वर वर लिहावी लागते, हे ते मला शिकवीत होते. ओळ कोठे संपते, हे मी त्यांना सांगत होतो. माझा आग्रह एकच होता. जेथे वाक्य पुरे होते, तेथेच श्वास घ्या. 'तारणाऱ्या' या शब्दाच्या मध्यावर नको. पाश्चात्त्य स्तोत्राचे चार आवाज क्लॅरिनेटपासून जाड पितळी भोंग्यापर्यंत सहज वाटता येतात. पण रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ज्या भजन-कीर्तनाच्या वळणाने मराठी ख्रिस्ती गीत रुजवले, त्या वळणाची चाल चार आवाजांत कोंबली की तिची मींड मरते. तेथे एकाने चाल वाजवावी, इतरांनी षड्ज धरावा, एवढेच बरे. हे सारे ऐकून ते म्हणाले, "म्हंजी फादर, आमी कमी वाजवायचं." संपूर्ण शास्त्र त्यांनी चार शब्दांत सांगितले.

पंढरपूरला जाणाऱ्या दिंड्या आपण दरवर्षी पाहतो. टाळ शेकडो असतात, मृदंग घुमत असतो, तरी अभंगाचा शब्द बुडत नाही. कारण वाजवणारा स्वतःच गात असतो.

सणाच्या दिवशी बँड पुढे न ठेवता मिरवणुकीच्या मध्यभागी ठेवला. शेवटच्या रांगेत आमच्या समाजातील सर्वांत वृद्ध आजी चालत होत्या. त्यांचा क्षीण आवाज मला ऐकू येईनासा झाला की मी हात वर करायचा आणि वादकांनी आवाज उतरवायचा, असे ठरले होते. मला दोनदा हात वर करावा लागला. तिसऱ्यांदा त्या गृहस्थांनीच क्लॅरिनेट ओठांवरून काढली आणि ते आजींबरोबर गाऊ लागले.

वाद्याची शुद्धता तपासण्याची कसोटी मला त्या क्षणी मिळाली. ज्या संगीतात दुर्बळाचा आवाज बुडतो, ते कितीही भव्य असले तरी प्रदर्शन आहे. ज्यात तो तरतो, ती प्रार्थना आहे. हे केवळ बँडलाच लागू आहे, असे मला वाटत नाही. वेदीवरून बोलणाऱ्या आम्हा धर्मगुरूंनाही ते लागू आहे.