दोघांचंही खरं

१८८२ सालची गोष्ट. इल्या मेचनिकोव्ह नावाचा रशियन प्राणिशास्त्रज्ञ ओडेसा विद्यापीठातली नोकरी सोडून सिसिली बेटावरच्या मेसिना गावी बिऱ्हाड करून राहिला होता. प्रयोगशाळा घरातच मांडलेली. एके दिवशी घरातली सगळी मंडळी सर्कस पाहायला गेली आणि तो एकटाच सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसला.

काचेखाली तारामाशाची इवली पिल्लं होती. त्यांचं अंग इतकं पारदर्शक, की आत काय चाललंय ते कापाकापी न करता दिसावं. काही पेशी त्या अंगातून मोकळ्या हिंडत होत्या. पाहता पाहता मेचनिकोव्हच्या मनात आलं, या पेशी राखण तर करत नसतील? तसं असेल तर बाहेरचं काही आत घुसताच त्या तिकडे धावल्या पाहिजेत. तो उठला, अंगणातल्या गुलाबाचे काटे तोडून आणले आणि पिल्लांच्या कातडीखाली हलकेच सरकवले. त्या रात्री त्याला झोप लागली नाही. पहाटे पाहतो तर काट्याभोवती पेशींची गर्दी झालेली! ना तिथे रक्तवाहिनी, ना मज्जातंतू. पेशी आपण होऊन आल्या होत्या.

पुढे त्याने पाणपिसवांचा अभ्यास केला. एका बुरशीचे सुईसारखे बीजाणू या पिसवांच्या आतड्याला भोक पाडून शरीरात शिरत. हिंडत्या पेशी लगेच त्यांना वेढत, आपल्या पोटात घेत आणि पचवून टाकत. पेशींनी बीजाणू संपवले तर पिसू जगे. बीजाणू वाढून पेशींना भारी पडले तर पिसू मरे. माणसाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशीही हेच काम करतात, असं मेचनिकोव्हने ठामपणे मांडलं. या पेशींना भक्षकपेशी हे नाव मिळालं.

पण त्या काळचे बहुतेक वैद्य याच्या अगदी उलट मानत. पांढऱ्या पेशी जंतूंना पोटात घेऊन उलट शरीरभर पसरवतात, अशी त्यांची समजूत होती. त्यात १८९० साली बर्लिनहून नवी बातमी आली. बेरिंग आणि किटासातो या शास्त्रज्ञांनी धनुर्वाताला दाद न देणाऱ्या सशांचं रक्त घेतलं आणि त्यातला नितळ द्रव उंदरांना टोचला. उंदीर धनुर्वातापासून वाचले. त्या द्रवात एकही पेशी नव्हती! मग जर्मन पंडित म्हणू लागले, शरीराचं रक्षण रक्तातला द्रव करतो. पेशी फक्त मेलेले जंतू उचलणाऱ्या झाडूवाल्या.

मेचनिकोव्ह पेटून उठला. तोवर तो पॅरिसच्या पाश्चर संस्थेत आला होता. बर्लिनने द्रवाच्या बाजूने प्रयोग केला की पॅरिसने पेशीच्या बाजूने करायचा, असं वर्षानुवर्षं चाललं. परिषदा गाजल्या, लेखांना प्रतिलेख निघाले. दोन्हीकडची माणसं हुशार होती, प्रामाणिक होती, आणि दोघांच्याही हातात खरा पुरावा होता. म्हणूनच कुणी मागे हटेना. आपलं खरं आहे हे ठाऊक असल्यामुळे समोरच्याचं खोटंच असलं पाहिजे, असं दोघेही धरून चालले होते.

१९०३ साली लंडनमध्ये ऑल्मरोथ राइट आणि स्टुअर्ट डग्लस यांनी साधा प्रयोग केला. रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्यांनी मिठाच्या पाण्यात धुऊन द्रवापासून सुट्या केल्या आणि त्यांच्यापुढे पू करणारे जंतू ठेवले. पेशींनी जंतूंना फारसं तोंड लावलं नाही. मग तेच जंतू, त्याच पेशी, पण सोबतीला रक्तातला द्रव घातला. आता पेशींनी जंतू भराभर गिळले! द्रवाने पेशींना जोर आणला होता का? नाही. द्रवातले पदार्थ जंतूंना जाऊन चिकटत होते, आणि असे चिकटलेले जंतूच पेशींच्या पकडीत सापडत होते. राइटने त्या पदार्थांना ऑप्सोनिन म्हटलं.

ज्या प्रश्नावर दोन राजधान्या भांडत होत्या, त्याचं उत्तर असं एका काचनळीत मिळालं. द्रव शत्रूवर खूण करतो, पेशी त्याला संपवते. काही जंतू द्रवाने एकट्याने मरतात, काही विषं द्रवच निकामी करतो, काही कण पेशी कुणाच्या मदतीवाचून गिळतात. पण कितीतरी जंतूंपुढे दोघांपैकी कुणा एकट्याचं काहीच चालत नाही. १९०८ सालचं वैद्यकाचं नोबेल पारितोषिक भक्षकपेशींच्या मेचनिकोव्हला आणि द्रवाचं शास्त्र उभं करणाऱ्या पाउल एर्लिखला मिळून दिलं गेलं.

याची प्रचिती आज आपल्या गावातल्या आरोग्य केंद्रातही येते. न्युमोनिया करणाऱ्या न्युमोकोकस जंतूच्या अंगावर साखरेच्या रेणूंचं बुळबुळीत कवच असतं. भक्षकपेशी त्याला धरू पाहते आणि तो निसटतो. दीड महिन्याच्या बाळाला न्युमोकोकसची लस टोचतात, ती नेमकी याचसाठी. लशीमुळे बाळाच्या रक्तातल्या द्रवात प्रतिपिंडं, म्हणजे जंतूंना चिकटणारे पदार्थ, तयार होतात आणि ती त्या कवचाला चिकटतात. मग पेशीला पकड मिळते. आपल्या अंगाचे पदर पुढे काढून ती जंतूभोवती मिटते, त्याला आत ओढते आणि पाचक रसांत विरघळवून टाकते. एवढंसं बाळ न्युमोनियातून वाचतं ते बर्लिनच्या आणि पॅरिसच्या, दोघांच्याही सत्यावर.

घरात, गावकीत, सभेत आपणही असेच भांडतो. समोरच्याकडेही पुरावा आहे हे दिसत असतं, तरी तो मोडून काढण्यातच आपली बुद्धी खर्ची पडते. राइटने कुणाचा पुरावा मोडला नाही. त्याने दोघांचे पुरावे एका नळीत घातले आणि काय होतं ते पाहिलं.

तात्पर्य : आपलं खरं असलं म्हणून दुसऱ्याचं खोटं ठरत नाही. दोन प्रामाणिक माणसं हटून बसली, तर कोण जिंकतं हे पाहण्याआधी दोघांचं म्हणणं एकत्र ठेवून पाहावं.