नजरेची मशागत

आळेफाट्याहून अहिल्यानगरकडे निघालेला रस्ता आणे घाट चढून पठारावर येतो आणि डोळे एकदम मोकळे होतात. नजर अडेल असे समोर काही उरत नाही. घाटातच गुळुंचवाडीजवळ ओढ्याने खडक कोरून घडवलेला नैसर्गिक पूल आहे. एखाद्या पावसाळ्यात त्या ओढ्याकडे पाहणाऱ्याला खडक तसाच दिसला असेल, तरी पाण्याचे काम चालूच होते.

नजर नैसर्गिकरीत्या सुधारते का, या प्रश्नाचा विचार करताना मला हा पूल आठवतो, आणि त्याहून अधिक आठवते ती पठारावरची शेती. कुकडी प्रकल्पाची बहुतेक धरणे याच तालुक्यात आहेत, पण ते पाणी पठारावर चढत नाही. इथला शेतकरी पावसाच्या भरवशावर नांगरतो, ढेकळे फोडतो, बांध घालतो. मशागतीने पाऊस पडत नाही हे त्याला पक्के ठाऊक असते. पडलेला पाऊस मात्र मशागतीनेच जिरतो. डोळ्यांचेही असेच आहे, असे मला वाटते.

चष्मा कायमचा घालवण्याची आशा जुनी आहे. अमेरिकेतील विल्यम बेट्स या नेत्रवैद्याने 1920 साली चष्म्याविना दृष्टिदोष बरे करण्याचे पुस्तक लिहिले आणि डोळ्यांच्या व्यायामांची लाट जगभर गेली. त्याचा मूळ सिद्धांत असा, की डोळ्याच्या गोलाबाहेरचे स्नायू ताणले गेल्याने नजर बिघडते. ते सैल केले की ती परत येते. शरीररचना काही वेगळेच सांगते. जवळचे पाहताना डोळ्यातले भिंग फुगते, आणि लघुदृष्टी येते ती बहुधा डोळ्याचा गोल लांबल्यामुळे. ही लांबी अवघी एक मिलिमीटर वाढली तरी नंबर साधारण अडीच-तीनने वाढतो. लांबलेला गोल व्यायामाने आखूड होत नाही. तळहातांची ऊब डोळ्यांवर घेतल्याने शांत वाटते, थकवा उतरतो. नंबर उतरत नाही. एवढे स्पष्ट सांगणे मला आवश्यक वाटते, कारण खोट्या आशेत माणसाचा पैसा जातोच, पण उपचाराची वेळही निघून जाते.

आपल्या भाषेने या बाबतीत मोठा समजूतदारपणा दाखवला आहे. वयाच्या चाळिसाव्या वर्षाला आपण चाळिशी म्हणतो आणि तेव्हा लागणाऱ्या चष्म्यालाही चाळिशीच म्हणतो. भिंगाची लवचिकता वयाबरोबर कमी होणे हाही निसर्गच. सुईत दोरा ओवण्यासाठी चष्मा लावणे म्हणजे निसर्गाशी हरणे नव्हे.

मग मशागत कशाची करायची? पहिली, मुलांच्या नजरेची. चीनमधील ग्वांगझू शहरात बारा शाळांत एक प्रयोग झाला. सहा शाळांतील पहिलीच्या मुलांना रोज चाळीस मिनिटे जादा उघड्यावर आणले गेले. तीन वर्षांनी त्या मुलांपैकी 30.4 टक्क्यांना लघुदृष्टी आली होती; उरलेल्या शाळांत हे प्रमाण 39.5 टक्के होते. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष फार मोठा चमत्कार सांगत नाही. रोजच्या चाळीस मिनिटांनी काही मुलांचा चष्मा टळला किंवा लांबला, इतकेच. बंद वर्गात काही शे लक्स उजेड असतो, झाडाच्या सावलीतही तो काही हजार असतो. भरपूर उजेडात डोळ्याच्या पडद्यात डोपामिन स्रवते आणि गोलाच्या लांबण्याला आवर बसतो, असे संशोधक मानतात. गुरांमागे रानात फिरणाऱ्या मुलांना हा उजेड न मागता मिळत होता. आज पठारावरच्या घरातही मूल मोबाइल घेऊन कोपऱ्यात बसते. गुरांमागे परत जा असे त्याला कोणी सांगू नये. पण शाळेचा एखादा तास झाडाखाली घ्यायला कोणता निधी लागतो?

दुसरी मशागत ताटातली. शेवग्याचा पाला, तांदुळजा, राजगिरा यांतून अ जीवनसत्त्व बनते. ते स्निग्धात विरघळते, म्हणून भाजीला तेलाची फोडणी हवीच. ते सतत कमी पडले तर रातांधळेपणा येतो आणि पुढे बुबुळालाच इजा होते. म्हणूनच नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी अ जीवनसत्त्वाचा डोस देतात. दिसायला चमचाभर औषध, पण पाळी चुकवू नये.

तिसरी मशागत मोठ्यांची. पडद्याकडे टक लावली की पापण्या कमी लवतात आणि डोळे कोरडे पडतात. अधूनमधून मान वर करून लांब पाहावे. तंबाखू सोडावी. मधुमेह असेल तर वर्षातून एकदा डोळ्याचा पडदा तपासून घ्यावा. चाळिशीनंतर डोळ्याचा दाबही बघावा, कारण काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही.

आणि मोतीबिंदू? त्याला शस्त्रक्रियाच लागते. इथे मला नारायणगावचे डॉ. मनोहर डोळे आठवतात. ते आयुर्वेदाचे वैद्य. पण त्यांनी गावात मोहन ठुसे नेत्र रुग्णालय उभे केले आणि गोरगरिबांना मोफत नेत्रसेवा दिली. 2024 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आयुर्वेद शिकलेल्या माणसाला शस्त्रक्रियेची आडकाठी वाटली नाही, यात विसंगती नाही. खुद्द सुश्रुतसंहितेत मोतीबिंदूवर शलाकेने करायची क्रिया वर्णिलेली आहे. निसर्ग आणि शस्त्र यांचे भांडण आपण लावले. परंपरेने ते लावले नव्हते.

नैसर्गिक सुधारणा या शब्दांचा अर्थ मी आता असा घेतो: जे आहे ते जपणे, जे टाळता येते ते टाळणे, आणि जिथे आपला हात पोचत नाही तिथे वेळेवर जाणत्याकडे जाणे. या तिन्हींत एका दिवसात काही दिसत नाही. उद्या सकाळी मुलाला अंगणात आणले तर उद्या संध्याकाळी त्याची नजर तीच असेल. पठारावरचा शेतकरीही कोरड्या आभाळाखालीच बांध घालतो. त्या दिवशी शेतात पाणी नसते, तरी तो पावसाआधीच बांध घालून ठेवतो.