अर्पण कोणाला? बॅलेच्या भयकथा आणि त्यागाचा प्रश्न

बॅलेच्या पार्श्वभूमीवर कुमारवयीन वाचकांसाठी लिहिल्या जाणाऱ्या भयकथांचा साचा आता ओळखीचा झाला आहे. एखादी नामांकित नृत्यशाळा असते, तिथल्या मोजक्या जागांसाठी वर्षानुवर्षे एकमेकींशी झुंजणाऱ्या मुली असतात, आणि त्यांतली एखादी शिखर गाठण्यासाठी अमानुष शक्तीशी करार करते. जेमिसन शे यांच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीत लॉर ही कृष्णवर्णीय नर्तिका पॅरिसखालच्या भुयारी अस्थिगृहांत उतरते आणि तिथे वाहणाऱ्या रक्ताच्या नदीशी सौदा करते. ज्या श्वापदाच्या तोंडी आपण कोणाला देत आहोत ते श्वापद आपणच आहोत, असे या कादंबरीचे शीर्षकच सांगते. अशा पुस्तकांना करमणूक म्हणून बाजूला सारणे सोपे आहे, परंतु त्यांच्या मुळाशी धर्मविचारातला एक जुना आणि अवघड प्रश्न आहे : माणूस एखाद्या श्रेयासाठी स्वतःला वाहून टाकतो, तेव्हा ते अर्पण केव्हा ठरते आणि सौदा केव्हा?

अर्पणाला तीन गोष्टी लागतात. देणारा हवा, देण्याजोगी आणि खरोखर त्याचीच असलेली वस्तू हवी, आणि ती स्वीकारणारा कोणी तरी हवा. सौद्यात यांखेरीज चौथी गोष्ट येते, ती म्हणजे आधीच ठरलेला मोबदला. या भयकथांतल्या मुली आपल्या कृत्याला त्याग म्हणतात, पण बदल्यात काय मिळणार हे त्यांना नेमके ठाऊक असते.

हा भेद ज्या शहरात विशेष तीव्रतेने मांडला गेला, त्याच शहरात नाचवेड्या मुलीची सर्वांत प्रसिद्ध भयकथाही लिहिली गेली, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. हान्स क्रिस्टियन अँडरसन १८१९ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, रंगभूमीवर नाव काढण्याच्या ध्यासाने कोपनहेगनला आला आणि काही काळ तिथल्या राजेशाही नाट्यगृहाच्या बॅलेशाळेत वावरला. त्याची ‘लाल बूट’ ही कथा १८४५ सालची आहे. त्याच शहरात तत्त्वज्ञ सोरेन किर्केगार्द राहत होता. त्याचे १८३८ सालचे पहिले पुस्तक अँडरसनच्या कादंबरीलेखनावरील कठोर टीकेचे होते, आणि १८४३ साली टोपणनावाने प्रसिद्ध केलेल्या ‘भय आणि कंप’ या ग्रंथात त्याने अब्राहम आपल्या पुत्राचा बळी द्यायला निघाल्याच्या बायबलमधील कथेचा अर्थ लावला. किर्केगार्दच्या मते सर्वस्व सोडून देणे, ज्याला तो अनंत संन्यास म्हणतो, ही पुष्कळ मोठी गोष्ट असली तरी ती श्रद्धा नव्हे. श्रद्धावान पुरुष सर्वस्व सोडतो आणि तरीही, कोणताही हिशेब हाती नसताना, ते याच जगात परत मिळेल असा विश्वास धरतो. हे समजावण्यासाठी त्याने दृष्टांत घेतला तो नर्तकाचा. उडी उंच घेणे अनेकांना साधते, पण जमिनीवर उतरताना क्षणभर तोल जातो आणि तिथे त्यांचे जगाशी असलेले परकेपण उघडे पडते; खरा श्रद्धावान असा उतरतो की ती उडी चालण्याचाच भाग वाटावी. ऑगस्ट बुर्नोनविल त्या काळी कोपनहेगनच्या बॅलेचा प्रमुख होता, आणि हलक्या, सहज उडीसाठी त्याची शैली आजही ओळखली जाते. तेव्हा हा दृष्टांत तिथल्या वाचकांना परका वाटला नसणार.

या कसोटीवर करार करणारी नर्तिका श्रद्धेच्या जवळपासही पोहोचत नाही. ती उडी घेते ती जाळे बांधून घेऊनच. मात्र एवढे म्हणून तिला दोषी ठरवणे घाईचे होईल, कारण पहिली अट, म्हणजे देणारा कोण, ही अजून तपासायची आहे.

अँडरसनच्या कथेतली कारेन ही गरीब पोर आहे. लाल बुटांच्या मोहात ती चर्चमध्येही त्यांचाच विचार करते, आजारी आश्रयदात्रीला सोडून नाचायला जाते, आणि मग बूट पायांना असे चिकटतात की नाच थांबतच नाही. अखेर ती जल्लादाकडून पाय तोडून घेते, तरी ते बूट तोडलेल्या पायांनिशी नाचतच राहतात. ख्रिस्ती परिभाषेत ज्याला कृपा म्हणतात, म्हणजे माणसाच्या पात्रतेवर अवलंबून नसलेला ईश्वरी प्रसाद, ती तिला सर्वांत शेवटी मिळते. ही कथा क्रूर आहे आणि तिचा न्याय पटण्यासारखा नाही; जिच्या वाट्याला कधी सुंदर वस्तू आली नाही, तिच्या आनंदालाच येथे पाप मानले आहे. परंतु त्या क्रौर्यातही अँडरसनने एक गोष्ट अचूक हेरली आहे. इच्छा एका टप्प्यानंतर इच्छा करणाऱ्यापासून सुटी होते, आणि तिच्या मालकीचे शरीर उरले नाही तरी नाचत राहते.

अमेरिकन तत्त्वज्ञ हॅरी फ्रँकफर्ट यांनी १९७१ साली मांडलेला विचार येथे उपयोगी पडतो. त्यांच्या मते माणसाला केवळ इच्छा नसतात, तर आपल्याला कोणत्या इच्छेने चालवावे याविषयीही इच्छा असते, आणि या दुसऱ्या पातळीवरच व्यक्तीपण उभे राहते. आता जी मुलगी आठव्या-नवव्या वर्षी शाळेत दाखल होते, रोज आरशासमोर उभी राहून शिक्षकाच्या नजरेने स्वतःला तपासायला शिकते, जिच्या नितंबाच्या सांध्याचे वळण वाढीच्या वयातच घडवले जाते, तिच्या बाबतीत दुसऱ्या पातळीवरची ती इच्छा तरी कोणी घडवली? आपली महत्त्वाकांक्षा आपलीच आहे असे ती मनापासून म्हणते आणि त्यात ती खोटेही बोलत नाही, पण दुसरे काही इच्छिणारी ती कधी अस्तित्वातच आली नव्हती. भयकथा या अवस्थेला झपाटले जाणे म्हणते. हा अलंकार नसून स्थितीचे बऱ्यापैकी नेमके वर्णन आहे.

इतिहासात याचे एक दारुण उदाहरण आहे. एमा लिव्ही ही पॅरिस ऑपेराची नर्तिका १८५८ साली, वयाची सोळा वर्षे नुकतीच पुरी झालेली असताना, रंगमंचावर आली. त्या काळी रंगमंच गॅसच्या उघड्या ज्योतींनी उजळत असे आणि झिरझिरीत घागरे पेट घेत, म्हणून कापड अग्निरोधक द्रावणात बुडवण्याचा नियम १८५९ साली करण्यात आला. अशा कापडाला ताठरपणा येई, त्याचा रंग मळकट दिसे आणि हवेत तरंगण्याचा भास नाहीसा होई. लिव्हीने व्यवस्थापनाला लेखी कळवले की ती नेहमीचाच घागरा घालून नाचेल आणि जे काही होईल त्याची जबाबदारी तिची राहील. १८६० साली मारी तालिओनी हिने तिच्यासाठी रचलेल्या ‘फुलपाखरू’ या बॅलेत नायिकेचे पंख मशालीच्या ज्योतीत होरपळतात. १५ नोव्हेंबर १८६२ रोजी एका तालमीत लिव्हीच्या घागऱ्याने खरोखर पेट घेतला. आठ महिने यातना सोसून जुलै १८६३ मध्ये, विसाव्या वर्षी, ती मरण पावली. त्या पोशाखाचे उरलेले तुकडे पॅरिसच्या ऑपेरा-संग्रहालयात जपून ठेवले आहेत.

गीतेच्या सतराव्या अध्यायात तपाचे सात्त्विक, राजस आणि तामस असे प्रकार सांगताना, हट्टाने स्वतःच्या देहाला पीडा देणाऱ्या तपाला तामस म्हटले आहे. लिव्हीचे वागणे त्या वर्गात टाकावे काय? तिच्या हट्टामागे नृत्याच्या सौंदर्याविषयीची खरी निष्ठा होती, आणि तरीही त्या निष्ठेचा लाभ ज्या संस्थेला झाला, तिने ‘जबाबदारी माझी’ हे एका कोवळ्या मुलीचे शब्द पुरेसे मानले. अर्पण स्वीकारणाऱ्यालाही धर्म असतो, आणि अयोग्य दान नाकारणे हा त्याचा भाग आहे. त्यागाविषयीच्या बहुतेक चिंतनात देणाऱ्याच्या शुद्धतेची चिकित्सा होते आणि घेणारा मात्र अंधारात राहतो. भयकथेचे मोल हे की ती घेणाऱ्याला चेहरा देते, भूक देते, आणि ती भूक भागत नाही हे दाखवते.

लॉरच्या बाबतीत प्रश्नाला आणखी एक पीळ पडतो. ज्या स्पर्धेत ती उतरली आहे ती मुळात सचोटीची नाही. कृष्णवर्णीय नर्तिकांना आपले फिकट गुलाबी पॉइंट शू, म्हणजे पायाच्या बोटांच्या टोकावर उभे राहण्यासाठी घट्ट टोक केलेले साटिनचे बूट, स्वतःच्या त्वचेशी जुळावेत म्हणून स्पंजने मेकअप थापून रंगवावे लागत. लंडनच्या एका प्रसिद्ध कारखान्याने ‘बॅले ब्लॅक’ या संस्थेच्या साहाय्याने तपकिरी छटांचे बूट आणले ते २०१८ साली. पॅरिस ऑपेरातील वांशिक विविधतेच्या अभावावरचा अहवाल २०२१ साली, तिथल्याच नर्तकांनी जाहीर मागणी केल्यानंतर आला. जिथे गुणवत्ता पुरेशी नाही, तिथे गुणवत्तेबाहेरचे बळ मिळवणे अधर्म कसे, असा लॉरचा युक्तिवाद असू शकतो, आणि तो खोडणे वाटते तितके सोपे नाही. त्याचे उत्तर इतकेच देता येते की सौद्याची किंमत ती व्यवस्था मोजत नाही. ती मोजतात शेजारी सरावाच्या दांडीला हात टेकून उभ्या असलेल्या इतर मुली.

किंमत दुसऱ्यांवर ढकलण्याची ही साखळी तुटू शकते याचा दाखला कादंबरीबाहेर सापडतो. पॅरिस ऑपेराच्या नर्तकांना बेचाळिसाव्या वर्षी निवृत्तिवेतन मिळते, आणि या व्यवस्थेचे मूळ चौदाव्या लुईच्या काळापर्यंत, १६९८ पर्यंत, जाते. डिसेंबर २०१९ मध्ये सरकारने ती मोडीत काढण्याचा विचार मांडला तेव्हा नर्तक संपावर गेले, आणि २४ तारखेला, नाताळच्या आदल्या दिवशी, नर्तिकांनी पाले गार्निए या ऑपेरागृहाच्या दारात, थंडीत, ‘स्वान लेक’मधील प्रवेश सादर केला. आपले शरीर झिजते, शिक्षण आठव्या वर्षी सुरू होते आणि दुखापती किशोरवयातच सोबतीला येतात, हे त्यांनी उघडपणे मांडले. ज्याला दीड शतकाहून अधिक काळ कलेच्या वेदीवरचे अर्पण म्हटले गेले, त्याला त्यांनी श्रम म्हटले आणि त्याचा मोबदला मागितला. हा सौदाच होता, पण दिवसाउजेडी, दोन्ही पक्षांची नावे घेऊन केलेला. सरकारने तोडगा सुचवला की सध्याच्या नर्तकांना नव्या नियमांतून वगळावे आणि ते केवळ पुढे भरती होणाऱ्यांना लागू करावेत. स्वतःचे हित पूर्ण सुरक्षित होत असताना नर्तकांनी तो नाकारला, कारण त्याचा अर्थ पुढच्या पिढीतल्या मुलामुलींचा बळी देणे असा होतो, असे त्यांचे म्हणणे होते.