सदतीस शिड्या

मामांच्या मांडीवर परिशिष्ट दोन होतं. मुंबईच्या वस्तीत राहणाऱ्या माणसाला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. झोपडपट्टी पुनर्वसन (झोपू) योजनेत कोण पात्र आणि कोण अपात्र, याची ही सरकारी यादी. नाव आलं तर ३०० चौरस फुटांचं घर, नाही आलं तर चपला घालायच्या आणि निघायचं. मामांच्या वस्तीत २१२ नावं पात्र ठरली आहेत.

या वस्तीने गेल्या वर्षी बिल्डरला काढून टाकलं. सात वर्षं त्याने सह्यांपलीकडे काही केलं नाही. मग लोकांनी ठरवलं, आपली सहकारी संस्थाच विकासक होईल. नियमात ही सोय आहे, वापरणारे फार थोडे. मी वास्तुविशारद, आणि सचिव माझे सख्खे मामा, म्हणून नकाशे माझ्याकडे आले.

मोजमापं घेत फिरताना ३७ घरांबाहेर लोखंडी शिड्या दिसल्या. शिडी जिथे संपते तिथे पोटमाळा, आणि पोटमाळ्यावर बिऱ्हाड. शिलाईकाम करणाऱ्या मावशींच्या शिडीवरून मी वर चढले. तिसऱ्या पायरीला चिंधी गुंडाळलेली होती, कारण तिथली कड कापते. आत मधोमध उंची पाच फूट दोन इंच, पत्र्याच्या कडेला जेमतेम चार. पत्रा तापतो म्हणून वरून जाहिरातीचा जुना फ्लेक्स अंथरलेला. बाई वाकून पोळ्या लाटत होती, मूल साडीच्या झोळीत होतं. नवरा रात्रपाळीचा सुरक्षारक्षक, तो भिंतीकडे तोंड करून झोपला होता. टेप गुंडाळताना बाईने विचारलं, “ताई, आमचं पण मोजलं का?”

त्या संध्याकाळी मी मामांकडे गेले. रविवारी सभा होती आणि ते सूचना लिहीत होते.

“मामा, या ३७ बिऱ्हाडांचं काय करायचं?”

“ते भाडेकरू आहेत गं. आज इथे, उद्या तिथे.”

“काही जण बारा-बारा वर्षं इथेच आहेत.”

“असतील. पण यादीत नाहीत.” मामांनी चष्मा काढला. “मला एक सांग. बिल्डर असता, तर त्याला हा प्रश्न विचारला असतास?”

“नसता विचारला.”

“मग आम्हालाच का? त्याने निम्म्या जमिनीवर टॉवर बांधून विकला असता, त्यात पोहण्याचा तलाव केला असता. त्याला कोणी म्हटलं नसतं की तलाव बुजव आणि पोटमाळ्यावरच्यांना घर दे. आम्ही स्वतःचं स्वतः करायला निघालो, तर लगेच न्यायाचा हिशेब आमच्याकडे. या शहरात वाटून घ्यायची पाळी येते ती नेहमी गरिबावर. तीनशे फूटवाल्याने बिनघरवाल्याशी वाटून घ्यायचं, आणि तीन हजार फूटवाल्याने वर्तमानपत्रात वाचायचं.”

मी गप्प बसले. बोलणं खरं होतं. विषमतेवर चर्चा करताना आपण बहुतेक वेळा तळाच्या दोन पायऱ्यांमधलं अंतर मोजत बसतो, कारण वरच्या मजल्यांवर टेप घेऊन जाऊ देत नाहीत.

“घर लहान करा असं म्हणतच नाही मी,” मी म्हटलं. “विक्रीच्या इमारतीतून जी शिल्लक राहील ती आता बिल्डरच्या नाही, संस्थेच्या खिशात येणार आहे. त्यातून ३७ खोल्या बांधू. मालकी संस्थेची, भाडं परवडेल एवढं. विकायच्या नाहीतच.”

“ती शिल्लक कशासाठी ठेवलीय, माहीत आहे तुला? लिफ्टसाठी. झोपूच्या इमारती बघितल्यास ना तू? बारावा मजला, लिफ्ट बंद, पाण्याच्या पंपाचं बिल थकलेलं. म्हातारी माणसं महिना-महिना खाली उतरत नाहीत. मेंटेनन्स झेपत नाही म्हणून लोक घर विकून पुन्हा झोपडीत गेलेत. ती शिल्लक बँकेत राहिली आणि तिच्या व्याजावर लिफ्ट चालली, तर ही २१२ माणसं त्या घरात टिकतील. नुसतं घर मिळून भागत नाही, पोरी, टिकावं लागतं.”

हा मुद्दा माझ्या हिशेबात नव्हता. मामांनी आणखी एक पुढे केला. “आणि समज, पोटमाळ्यांना खोल्या द्यायचं ठरलं. ठरावाची शाई वाळायच्या आत वस्तीत दीडशे पोटमाळे होतील. ज्याचा त्याचा मेव्हणा भाडेकरू म्हणून उभा राहील. मग खरा भाडेकरू आणि खोटा भाडेकरू कोण निवडणार? मी? म्हणजे आणखी एक यादी, आणखी एक तारीख. तू तारखांना शिव्या देतेस ना?”

“देते. १ जानेवारी १९९५ ही पात्रतेची तारीख होती, तेव्हा या २१२ मधले किती जण बाहेर होते?”

“निम्मे तरी.”

“पुढे १ जानेवारी २००० झाली म्हणून ते आत आले. मधल्या पाच वर्षांत त्यांच्यात काय बदललं? तेच लोक, तीच घरं. लढा झाला, मतं हवी होती, तारीख सरकली. मग आज ज्यांची तारीख सरकली नाही, त्यांच्यात आणि आपल्यात फरक काय?”

“आम्ही त्यासाठी मोर्चे काढले. ते कुठल्या मोर्चात होते?”

“रात्रपाळीला होते, मामा.”

मामी चहा घेऊन आल्या. खाली शिलाई मशीनचा आवाज चालू होता. या मावशींचं मला राहून राहून वाटत होतं. त्या विधवा आहेत. पोटमाळ्याच्या भाड्यावर त्यांचं औषधपाणी चालतं. आणि पहाटे चारला पाणी येतं तेव्हा त्यांचा हंडा वरची बाईच भरून ठेवते. उद्या वरच्या बाईला संस्थेची खोली मिळाली, तर मावशींचं भाडं गेलं. नाही मिळाली, तर वरची बाई गेली आणि भाडंही गेलंच, कारण नव्या घराला पोटमाळा नसणार. दोन्हीकडून मावशी उघड्यावर. माझ्या नकाशात याला उत्तर नाही.

मामांना मी वेगळ्या बाजूने विचारलं. “तुम्ही मुंबईत आलात तेव्हा कुठे राहिलात?”

“बहात्तरच्या दुष्काळात आलो. माणदेशात प्यायला पाणी नव्हतं. लालबागला गावकीची खोली होती, तिथे पथारी टाकली. एका खोलीत पंचवीस-तीस माणसं. पाळीप्रमाणे झोपायचं, एक उठला की दुसरा आडवा. ट्रंक भिंतीला, जेवण खानावळीत. महिन्याची वर्गणी द्यायची. माझ्याकडे पहिले चार महिने तेवढेही पैसे नव्हते. कोणी मागितले नाहीत.”

“कागद मागितले?”

“गावाचं नाव विचारलं. तेवढं पुरलं.”

गोव्याच्या माणसांचीही धोबीतलाव, माझगाव भागात अशीच कूड असत, ज्या त्या गावाची. बोटीवर जाणारा खलाशी तिथे ट्रंक ठेवून निश्चिंत निघून जाई. मुंबईतल्या कष्टकऱ्यांना पहिला आसरा बहुतेक वेळा ना सरकारने दिला, ना मालकाने. तो त्यांनी एकमेकांना दिला. समूहाने उभारलेलं घर ही नवी कल्पना असल्यासारखं आम्ही वास्तुविशारद बोलतो, तेव्हा या खोल्या विसरतो.

“बघा,” मी म्हटलं. “त्या खोलीने तुम्हाला यादीशिवाय घेतलं.”

मामा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “यादी होती गं. लिहिलेली नव्हती, एवढंच. आमच्याच गावचा, महारवाड्यातला एक पोरगा माझ्याच एसटीने मुंबईला आला. दादरला आम्ही बरोबर उतरलो. मी लालबागला गेलो. तो खोलीवर आला नाही. त्याला कोणी ये म्हटलं नाही, आणि त्यानेही विचारलं नाही. गाव तेच होतं.”

“तो कुठे राहिला?”

“परळला बीआयटी चाळीत, नातेवाइकांकडे.”

१८९६ च्या प्लेगनंतर सरकारने इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला, त्याने बांधलेल्या त्या चाळी. परळच्या अशाच चाळीत बाबासाहेब आंबेडकर वीस वर्षांहून अधिक काळ राहिले. ट्रस्टने गरिबांची जितकी घरं पाडली तितकी बांधली नाहीत, हे मी विद्यार्थ्यांना दर वर्षी सांगते. पण गावकीने ज्याला दार उघडलं नाही, त्याला त्या कोरड्या सरकारी चाळीत खोली मिळू शकली, हेही सांगायला हवं. आपल्या भाषेत ‘समाज’ या एका शब्दात सगळी माणसंही येतात आणि फक्त आपल्या जातीची माणसंही येतात. घरांच्या बाबतीत ही गफलत महाग पडते. भारतातल्या पहिल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांपैकी एक १९१५ साली गावदेवीत सारस्वतांनी उभी केली. भाड्याच्या जाचातून सुटण्याचा तो मोठा मार्ग होता आणि त्यातून देशभर चळवळ झाली. पण आपल्यापुरतं दार ठेवण्याची रीतही त्याच वाटेने आली. २००५ साली अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सभासदत्व आपल्याच समाजापुरतं ठेवण्याचा नियम सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवला.

“म्हणजे तुझं म्हणणं काय,” मामा म्हणाले, “लोकांच्या हाती दिलं की लोक दार लावतात, म्हणून सरकारच बरं?”

“नाही. सरकारची यादी तर तुमच्या मांडीवर आहे. माझं म्हणणं एवढंच की आपण बिल्डरला काढलं, पण यादी तीच ठेवली. घर आपण बांधणार, आणि माणूस कोण हे मात्र परिशिष्ट ठरवणार?”

“मग कोण ठरवणार?”

मी त्यांना भायखळ्याच्या फुटपाथवरच्या बायकांची गोष्ट सांगितली. मामांना ती अर्धवट माहीत होती. १९८५ साली ओल्गा टेलिस खटल्याचा निकाल लागला. जगण्याच्या हक्कात उपजीविकाही येते, असं न्यायालयाने मान्य केलं, आणि फुटपाथवरून हटवायला महापालिकेला मोकळीकही दिली. या लोकांचं नाव कुठल्याच यादीत नव्हतं, झोपडपट्टीच्या गणनेतसुद्धा नाही. तेव्हा स्पार्क संस्थेबरोबर त्यांनी स्वतःची गणती केली, सुमारे ६,००० कुटुंबांची. त्यातून महिला मिलन उभं राहिलं. जोकिन अर्पुथम यांच्या झोपडपट्टीवासीयांच्या संघटनेशी ते जोडलं गेलं. बायकांनी रोजचा रुपया-दोन रुपये बचत केली, कापड आणि लाकूड वापरून घराचे पूर्ण मापाचे नमुने उभे केले आणि त्यात फिरून चूल कुठे, मोरी कुठे ते ठरवलं. लिहिता-वाचता न येणाऱ्या बायकांनी.

“त्यांनी आधी मोजलं, मग मागितलं,” मी म्हटलं. “आपण वरच्या ३७ जणांना मोजलेलंही नाही. खोटे मेव्हणे घुसतील म्हणता ना? आजच मोजा. सभेआधी. शेजारी शेजाऱ्याला ओळखतो. कुठल्या शिडीवर कोण किती पावसाळे काढतंय, हे या गल्लीला कुठल्याही अधिकाऱ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.”

मामा उठले, खिडकीपाशी गेले. समोर मावशींची शिडी दिसते. सुरक्षारक्षक कामावर निघाला होता. गणवेश चुरगळू नये म्हणून तो उलट्या तोंडाने, सावकाश उतरत होता.

“सहा वर्षं गिरणीत बदली कामगार होतो मी,” मामा एकदम म्हणाले. “रोज सकाळी गेटवर उभं राहायचं. कायम कामगार आला नाही तर आपल्याला काम, आला तर घरी. ब्याऐंशीचा संप झाला तेव्हा मी कायम झालो होतो. तरी बदलींना कायम करा ही मागणी आमचीच होती. कायमवाल्यांना त्यातून एक पैसा मिळणार नव्हता.”

“मग ती का केलीत?”

“का म्हणजे? गेटवर उभे होते ना ते. रोज दिसत होते.”

हे बोलून ते थांबले. मीही काही बोलले नाही.

मग मामा पुन्हा सचिव झाले. “सोसायटीच्या सभेत भाडेकरूला मत नाही. कायदा आहे. नाममात्र सभासद करता येतं, पण त्यालाही मत नाही.”

“मग ती सोसायटीची सभा नंतर घ्या. आधी वस्तीची घ्या. वस्तीच्या सभेला कुठला कायदा आडवा येतो? शिल्लक लिफ्टला किती, खोल्यांना किती, हे तिथे सगळ्यांसमोर बोला. मावशींच्या भाड्याचंही बोला. खोल्या नकोत असं ठरलं, तर तेही त्या ३७ जणांच्या तोंडावर ठरू दे.”

“तोंडावर कोणी नाही म्हणणार नाही. म्हणून तर तुला ते हवंय.”

“हो. म्हणूनच हवंय.”

मामांनी सूचनेचा कागद पुढे ओढला. ‘सर्व सभासदांना कळविण्यात येते की’ यातलं ‘सर्व सभासदांना’ खोडलं आणि वर लिहिलं, ‘वस्तीत राहणाऱ्या सर्वांना’. मग म्हणाले, “मी खोल्यांच्या बाजूने बोलेनच असं नाही. लिफ्टचे पैसे कमी करणं मला पटलेलं नाही अजून.”

माझंही मावशींचं कोडं सुटलेलं नाही. पण समूहाने बांधलेल्या घराविषयी माझं एक मत त्या संध्याकाळी पक्कं झालं: ज्याच्या डोक्यावरचं छप्पर ठरावाने जाणार आहे, तो ठराव होताना खोलीत नसेल, तर बांधणारा बिल्डर आहे की सोसायटी याने त्याला काही फरक पडत नाही.

सूचनेच्या २४९ प्रती काढल्या. २१२ दारांना लागल्या, ३७ शिड्यांना सुतळीने बांधल्या. सभा रविवारी सकाळी दहाला आहे, रात्रपाळी सुटून माणसं घरी पोचल्यावर.