साक्षीदाराला शिक्षा

"होमोसिस्टीन 22 वरून 11 वर आणलं. रक्तवाहिन्या एकदम ठणठणीत!" सोसायटीच्या बाकावर एका काकांनी परवा जाहीर केलं. हातात ज्येष्ठांच्या पॅकेजचा रिपोर्ट. त्यांचं 'ठणठणीत' काही माझ्या डोक्यातून जाईना.

साखर, कोलेस्टेरॉल, रक्तदाब यांचं महत्त्व सांगायला नको. माझा वाद त्यापुढच्या चाचण्यांशी आहे. गुन्ह्याच्या जागी सापडलेला प्रत्येक जण गुन्हेगार नसतो. एखादा नुसता साक्षीदारही असतो.

होमोसिस्टीन या रक्तातल्या अमिनो आम्लावर पहिला आरोप 1969 मध्ये झाला. जन्मजात दोषामुळे ते बेसुमार वाढलेल्या मुलांच्या धमन्या म्हाताऱ्यांसारख्या झालेल्या किल्मर मॅकली या अमेरिकन डॉक्टरांना दिसल्या. आरोप पटण्याजोगा होता. पण 2006 च्या 'होप-2' चाचणीत पंचावन्न किंवा अधिक वयाच्या 5,522 रुग्णांपैकी निम्म्यांना पाच वर्षं फॉलिक ॲसिड, बी6 आणि बी12 दिलं. आकडा उतरला, हार्ट अटॅक आणि हृदयविकाराचे मृत्यू मात्र उतरले नाहीत. पक्षाघात थोडे कमी झाले, तेवढा एक मुद्दा काकांच्या पदरात टाकतो.

शिवाय हा साक्षीदार जबानी फिरवतो. रक्त काढल्यावरही लाल पेशी होमोसिस्टीन सोडत राहतात. सकाळी घरोघरी नमुने घेत फिरणाऱ्या मुलाच्या डब्यात बर्फ नसला आणि नळी मशीनवर फिरवायला उशीर झाला, की आकडा तासाला साधारण दहा टक्के चढतो. मूत्रपिंडं थकली तरी तो वाढतोच.

एवढ्यावर होमोसिस्टीनची ही तपासणी निकालात काढणार होतो. पण 2006 मध्येच पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या गटाची पाहणी प्रसिद्ध झाली होती. पुणे परिसरातल्या 441 मध्यमवयीन पुरुषांपैकी 67 टक्क्यांचं बी12 कमी आणि 58 टक्क्यांचं होमोसिस्टीन जास्त. शाकाहाऱ्यांची अवस्था अधिक वाईट. बी12 कमी पडलं की होमोसिस्टीन चढतं. म्हणजे आपल्याकडे हा साक्षीदार बऱ्याचदा वेगळ्याच गुन्ह्याबद्दल, बी12 च्या कमतरतेबद्दल, बोलत असतो. त्या कमतरतेतून येणाऱ्या पायांच्या मुंग्या, जाणारा तोल, विसरभोळेपणा हे सगळं आपण 'वय झालं' म्हणून सोडून देतो. त्यात उतारवयात अनेकांचं जठरातलं आम्ल घटतं, काहींची मधुमेहाची मेटफॉर्मिन चालू असते. दोन्हींमुळे बी12 नीट अंगी लागत नाही.

तेव्हा चाचणी अगदीच वाया नाही, आणि काकांनी बी12 ची गोळी घेतली असेल तर तेही बरंच केलं. फक्त ती धमन्यांपेक्षा मज्जातंतूंच्या कामाची आहे. काका, बी12 डॉक्टरांना विचारून चालू ठेवा. पण 11 च्या भरवशावर रक्तदाबाची गोळी मात्र बंद करू नका.