पेशींनी बरे केले, मग देवाने काय केले?



कर्करोग्यांचे आश्रयदाते संत पेरेग्रिन (निधन १३४५) यांचा पाय कापायचा ठरला होता. आदल्या रात्री त्यांनी क्रुसासमोर प्रार्थना केली आणि सकाळी पाय बरा झाला, असे परंपरा सांगते.

त्वचेच्या रंगपेशींचा कर्करोग, मेलानोमा, क्वचित औषधाविनाही ओसरतो. अशा गाठीत पांढऱ्या रक्तपेशी दाटीने शिरलेल्या दिसतात. शरीराने शत्रू ओळखलेला असतो. जंतुसंसर्गाच्या तापानंतर एकाची मानेवरची गाठ नाहीशी झाल्याचे न्यूयॉर्कचे शल्यविशारद विल्यम कोली यांना आढळले. १८९१ पासून ते रुग्णांना मुद्दाम जंतू टोचू लागले. काही बरे झाले, काही त्या तापानेच दगावले! प्रतिकारशक्तीवरचा लगाम सैल करणारा उपचार शोधल्याबद्दल २०१८ साली अॅलिसन व होंजो यांना नोबेल मिळाले.

मग देवाने काय केले? संत थॉमस अक्वायनस शिकवतात, की देव आद्य कारण आहे. सृष्टीतली कारणे दुय्यम, पण खरी. पेशीचे काम देवाच्या कामातून वजा होत नाही. आपोआप बरा होऊ शकणारा आजार चर्च चमत्कारात धरत नाही, हेही लक्षात असावे.

अवघड प्रश्न वेगळाच आहे. एकाच्या पेशी जागतात, दुसऱ्याच्या नाही. नोव्हेना दोघांनीही केलेली असते. मयताच्या घरी कुणी हळूच म्हणते, ‘विश्वास कमी पडला.’ आम्ही हे ऐकले आणि गप्प राहिलो. ती आमची चूक होती. पांढरी पेशी कुणाचा विश्वास तपासून कामाला लागत नाही. मग एकच का वाचला, याचे उत्तर त्या विधवेला देण्याइतके तत्त्वज्ञान आमच्याकडे नाही.